सुकलाल आणि ब्लेडवाला

सुकलालच्या पोटात सकाळी गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नसे. तो कुजबुजला तरी तीन घरांपलीकडे ऐकू जाई, कारण त्याचं उभं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. कान निम्मे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. काही सांगायचं असलं की तो मान पुढे काढायचा, इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "मी कोनले सांगत नही हां." असं म्हणाला की समजायचं, आता हे सगळ्या गल्लीला कळणार.

आमची गल्ली सुरतेत, उधन्याकडची. निम्मी धुळ्या-जळगावची माणसं, थोडे ओडिया कामगार, आणि तोंडाशी एक-दोन गुजराती दुकानं. सुकलालची आणि माझी भिंत एक. घरात तो, त्याची बायको रामकोर आणि मुलगी शोभा. मोठा भाऊ हिलाल गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दुकानांजवळ, मुलं-सुना-नातवंडं घेऊन. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. साडी विणून आली की उलट्या अंगाला सुटे धागे लोंबतात, ते ब्लेडने कापायचे. शोभाही माझ्याजवळ बसून तेच करायची. गल्लीतल्या बहुतेक बाया हेच करत. म्हणजे प्रत्येक घरात ब्लेड होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पोलिसांना फक्त सुकलालच्या घरातलं दिसलं.

सुकलाल दिसायला कसा होता तर लांब मानेचा, हडकुळा, खांद्यावर कायम टॉवेल. गर्दी दिसली की हा शिरला. कोण मेलं, कोण भांडलं, नळाला पाणी का नाही, सगळं त्याला आधी बघायचं असे. एकदा बाजारात रांग दिसली म्हणून उभा राहिला, कशाची ते विचारलं नाही, आणि दात उपटून घरी आला. फुकट दात काढायचं शिबिर होतं. रामकोरने विचारलं, दात दुखत होता का? तर म्हणाला, दुखत नव्हता, पण नंबर आला होता.

चौऱ्याण्णव साली प्लेग आला तेव्हा आमची सगळी गल्ली भुसावळच्या गाडीत शिरली. लोक खिडकीतून पोरं आत टाकत होते. सुकलालने रामकोरला आणि शोभाला माझ्या हवाली केलं आणि स्वतः मागे राहिला. त्याला रिकामी सुरत बघायची होती. आम्ही परत आलो तेव्हा हा दाढी वाढवून स्टेशनवर उभा. पुढचा महिनाभर ओसाड रस्त्यांच्या गोष्टी चालल्या होत्या, जणू शहर याने एकट्याने राखलं.

त्याच्या या तोंडाचा मला राग यायचा. माझ्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं, काम सुटलं तेव्हा ते आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. सुकलालने भिंतीपलीकडून ऐकलं आणि दुपारपर्यंत गल्लीला सांगून टाकलं. मी त्याला दारात उभं करून शिव्या दिल्या. तो मान खाली घालून ऐकत होता, तेवढ्यात दोन माणसं आली आणि म्हणाली, आमच्या खात्यात माणूस पाहिजे. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. मालक दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मी शिव्या परत घेतल्या नाहीत, पण चहा दिला.

शोभाचा नवरा शिरपूरकडचा. त्याने दुसरी बायको केली आणि शोभाला सुरतेच्या गाडीत बसवून दिलं. ती आली त्या दिवशी सुकलाल नळावर गेला. सगळ्या बाया हंडे लावून उभ्या होत्या. तिथे त्याने त्याच्या त्या आवाजात सांगितलं, जावयाने दुसरी केली, पोर आता इथेच राहील, ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारा, तिला विचारू नका. कोणी विचारलं नाही. विचारायला काही ठेवलंच नव्हतं त्याने.

बापलेकीची एक गंमत होती. मागांच्या आवाजात कामगार बोलतात ते ओठांनी आणि हातांनी, आवाज नाही. शोभा लहानपणी डबा द्यायला खात्यात जायची, तिथे ती ते शिकली. मग घरीही दोघं तसंच बोलायची. तो दारात, ही माझ्या ओट्यावर, नुसते ओठ हलताहेत, आणि मधेच ही फिस्सकन हसणार. जगाशी ओरडून बोलणारा माणूस मुलीशी आवाज न काढता बोलायचा.

प्लेगनंतर शहर झाडून-धुऊन निघालं, रस्ते रुंद झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ब्लेडवाला सुरू झाला.

पहिल्यांदा भाजीबाजारात एका बाईची पाठ कापली गेली. तिला वाटलं कोणाचा तरी धक्का लागला. घरी येऊन पदर काढला तर रक्त. मग शिकवणीवरून येणाऱ्या मुलीचा दंड. मग माझ्याबरोबर कापायच्या साड्या आणायला येणारी एक बाई, तिच्या पाठीला तर टाके पडले. दिवेलागणीची वेळ, गर्दी किंवा वीज गेलेली, ब्लेड फिरवायचं आणि नाहीसं व्हायचं. चोरी नाही, छेडछाड नाही, काही नाही. नुसतं कापायचं. कोणी चेहरा बघितला नाही.

काय दिवस होते ते. बाया घोळक्याशिवाय बाहेर निघेनात. पुरुष काठ्या घेऊन कोपऱ्यावर उभे राहत आणि एकमेकांनाच हटकत. कोणी म्हणे तो काळे कपडे घालतो, कोणी म्हणे तो बाईच आहे. एकीने पदराखाली पाठीला स्टीलचं ताट बांधलं. ती चालली की खणखण वाजायचं आणि लोक दचकून बाजूला होत. मी गोणपाटाची घडी बांधली होती. घामाने जीव जायचा, पण बांधली होती.

आणि सुकलालला तर पंख फुटले. एवढी मोठी गोष्ट त्याच्या आयुष्यात आली नव्हती. कुठेही कापाकापी झाली की हा पहिल्या दहा माणसांत हजर. कामावरून सुटला की तिकडेच पळे. जखमी बाईच्या घरी जाऊन विचारायचा, कुठे उभी होतीस, कोणत्या बाजूने आला, जखम केवढी आहे. एकीच्या नवऱ्याने त्याला हाकलूनही दिलं. मग रोज संध्याकाळी माझ्या ओट्यासमोर उभं राहून हा नवा ब्लेडवाला जाहीर करी. एकदा म्हणाला न्हावी आहे. मग म्हणाला शिंपी. मग डावखुरा माणूस शोधा म्हणाला, आणि गल्लीतली पोरं कोण कोणत्या हाताने जेवतं ते बघत फिरायला लागली. एक आठवडा त्याने गिरधरवर संशय घेतला. गिरधर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पानाचं दुकान असलेला गुजराती माणूस. का, तर तो पानाची देठं ब्लेडने कापतो.

मी म्हटलं, "अरे, ब्लेडने तर मीही धागे कापते."

त्याने मान पुढे काढून माझ्या हातातलं ब्लेड बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, तुझ्यावर माझं लक्ष आहेच."

सगळे हसले. गिरधर हसला नाही. त्याच्या दुकानाकडे आठवडाभर बाया फिरकल्या नव्हत्या.

श्रावणात आमच्या खानदेशी लोकांची कानबाई बसते. रविवारी देवी बसवतात, रात्र जागवतात, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. आमच्याकडे त्या वेळी रोट असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू घ्यायचे, दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या, बरोबर खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. हे जेवण फक्त कुळातल्या माणसांनी जेवायचं. दार लावून बसायचं, मधे उठायचं नाही, घास बाहेर जाऊ द्यायचा नाही. उष्टंसुद्धा बाहेर टाकत नाहीत. आणि लग्न झालेली लेक दुसऱ्या कुळाची झाली, तिला रोट नाही. कुळातल्या कुठल्याही घरात असली तरी तेवढा वेळ तिने बाहेर जायचं.

शोभा अशी बाहेर जायची. सासरच्या कुळाने टाकलेली, माहेरच्या कुळात मोजत नाहीत. तिचा रोट कुठला, हा प्रश्न मी तेव्हा कोणाला विचारला नाही. तसंच असतं, असं आम्ही सगळ्या समजत होतो.

सुकलालच्या कुळाचा रोट मोठ्या भावाच्या, हिलालच्या घरी असायचा. माझी कानबाई सचिन नावाच्या गावाला, दिराकडे. त्या रविवारी मी सकाळीच निघाले आणि माझ्या खोलीची किल्ली शोभाला दिली. तेवढा वेळ तिने तिथे बसून धागे कापावेत.

सोमवारी दुपारी परत आले तर गल्लीत सगळे बाहेर उभे. एकाच वेळी दहा तोंडांनी मला सांगितलं. रविवारी संध्याकाळी वीज गेली होती. निम्मी गल्ली दार लावून जेवत होती, तेव्हा मागच्या गल्लीत दूध आणायला निघालेल्या एका बाईचा दंड कापला गेला. आणि सोमवारी सकाळी कानबाईच्या मिरवणुकीतून पोलिसांनी सुकलालला उचललं.

तो बँडपुढे नाचत होता म्हणे. हिलालच्या डोक्यावर देवीचा चौरंग. देवी डोक्यावर असताना थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. मागे भावाला पोलीस धरताहेत, रामकोर ओरडते आहे, आणि हिलाल समोर बघत, डोळ्यांतून पाणी गाळत, नदीपर्यंत चालत गेला.

गिरधरने सांगितलं होतं की वीज गेली तेव्हा सुकलाल हिलालच्या मागच्या दाराने निघाला, टॉवेलाखाली काहीतरी लपवून भराभरा गेला, आणि थोड्या वेळाने मोकळ्या हाताने परत आला. पोलिसांनी आधीच ऐकलं होतं की हा माणूस प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत आधी पोचतो आणि बायांना जखमा दाखवायला सांगतो. घराची झडती घेतली तर ब्लेडं सापडली. झालं.

भाऊबंद दुपारीच पोलीस ठाण्यात गेले. हिलाल आणि त्याच्याबरोबर आठ-दहा पुरुष. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, सुकलाल आमच्याबरोबर जेवत होता, उठलाच नाही. रोटावरून मधे कोणी उठत नाही, म्हणून त्यांनी तसंच सांगितलं. उठला म्हणणं हीच लाज होती. साहेबाने एकेकाला वेगळं विचारलं, तो कुठे बसला होता? एकाने दाराजवळ सांगितलं, एकाने चुलीजवळ, एकाने माझ्या मांडीला मांडी लावून. साहेबाने सगळ्यांना बाहेर काढलं.

आणि सुकलाल गप्प. टॉवेलाखाली काय होतं, कुठे गेला होतास, काही सांगेना. मारलंही त्याला. रामकोर डबा घेऊन जायची, तिच्याशीही बोलला नाही. तिथल्या शिपायाने तिला विचारलं, हा माणूस जन्मापासून मुका आहे का?

हे गल्लीत कळलं तेव्हा आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. कारण सुकलाल गप्प बसला आहे याचा अर्थ एकच निघत होता. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो माणूस काहीतरी दाबून ठेवतो आहे. कालपर्यंत त्याच्या गोष्टी ऐकायला उभ्या राहणाऱ्या बाया आता आठवून सांगायला लागल्या, तो माझी पाठ बघायला आला होता, त्याची नजरच तशी होती. कोणीतरी त्याच्या दारावर दगड मारला. ताट बांधणारीने ताट सोडून दिलं. आता कशाला, म्हणाली, धरला ना.

त्यातच हिलालच्या लहान नातवाला ताप भरला. पोर फणफणलं. लगेच भाऊबंदांत सुरू झालं, रोटाला काहीतरी बाट लागला, कोणाची तरी चूक झाली. हिलालच्या सुनेने देवीपुढे डोकं आपटून घेतलं.

मी सोमवारी खोली उघडली तेव्हाच वेलचीचा आणि तुपाचा वास आला होता. मला वाटलं, शोभाने काही केलं असेल. मी विचारलं नाही. बुधवारी सकाळी ती धागे कापायला आली आणि साडीच कापून बसली. चांगली साडी, मधोमध. मी ओरडणार तेवढ्यात ती बोलली.

सुकलाल रोटावरून उठला होता. वीज गेल्याचं निमित्त साधून. दोन पोळ्या आणि खिरीची वाटी टॉवेलाखाली घेऊन तो माझ्या खोलीत आला होता, लेकीला भरवायला. ती नको म्हणाली. तो म्हणाला, खा, मी कोनले सांगत नही. ती खाईपर्यंत समोर बसून राहिला, रिकामी वाटी तिच्याकडून घासून घेतली आणि मोरीत पालथी घालून गेला. तिला देवीची शपथ घातली की हे कधी बोलायचं नाही. कारण बोललं तर पुढे कुळात कोणाचं डोकं दुखलं तरी बोट शोभाकडे जाणार. आणि आता तर हिलालचं पोर तापाने पडलं होतं.

"मी बोलले तर मला या गल्लीत राहू देणार नाहीत, मावशी," ती म्हणाली. "नाही बोलले तर आबा जातो."

"मग इथे काय बसलीस?" मी म्हटलं. "चल."

मी तिला धीर वगैरे दिला नाही. पायात चपला घातल्या आणि निघालो.

पोलीस ठाण्यात हिलाल आणि चार भाऊबंद आधीच बसले होते, साहेबाची विनवणी करायला. सुकलालला बाहेर आणून बाकावर बसवलं होतं. ओठ सुजला होता, मान तशीच लांब. शोभाला दारात बघितलं आणि त्याने काय ते ओळखलं. त्याचे ओठ हलले. आवाज नाही. मला ती भाषा येत नव्हती, पण एवढं कोणालाही कळलं असतं. गप, गप, घरी जा. सुजलेल्या ओठाने तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. शोभाने त्याच्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

ती सुरतेत वाढलेली. साहेबाला तिने गुजरातीत सगळं सांगितलं, आबा कुठे होता, टॉवेलाखाली काय होतं. साहेबाला काही कळेना. पोळी? एवढ्यासाठी हा मार खातोय? मग ती हिलालकडे वळली आणि म्हणाली, "मोठाबाबा, रोट मी खाल्ला."

सुकलाल पहिल्यांदा बोलला. सगळं ठाणं दचकेल एवढ्या आवाजात. "खोटं बोलते ती, साहेब! माझ्यासाठी खोटं बोलते!"

पण हिलाल उठला होता. सोमवारपासून भावासाठी साहेबाचे पाय धरणारा माणूस, त्याने सुकलालची गचांडी धरली.

"तू तिले रोट दिधा?"

हिलालने त्याला गदागदा हलवलं. "माझं पोर तिकडे तापात आहे. बोल, तिले रोट दिधा?"

तेव्हा सुकलालचा आवाज खाली आला. इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "मनी पोर शे," तो म्हणाला, माझी पोर आहे. "कोनले देऊ मंग?"

मग जे झालं ते विचारू नका. हिलाल भावाच्या अंगावर, बाकीचे हिलालला ओढताहेत, एकजण शोभाला बोल लावतो आहे, रामकोर डबा घेऊन नेमकी तेव्हाच पोचली आणि तिने तोच डबा त्या बोल लावणाऱ्याच्या पाठीत घातला. वरण सगळीकडे. साहेब ओरडतोय, "खाधुं तो खाधुं, एमां शुं?" खाल्लं तर खाल्लं, त्यात काय? हे ऐकून हिलाल सुकलालला सोडून साहेबाकडे वळला आणि त्यालाच झापायला लागला की तुम्हाला देवीचं काय कळतं.

नंदुरबारकडचा एक शिपाई होता. त्याने साहेबाच्या कानाशी लागून समजावलं, रोट म्हणजे काय, लेकीला का नाही. साहेब ऐकत होता आणि या माणसांकडे बघत होता. मग खुर्चीत बसला. म्हणाला, परवा तुम्ही सगळे याला वाचवायला एका सुरात खोटं बोललात आणि एकाचाही चेहरा हलला नाही. आज याला मारायला उठलात. मला आजचं खरं वाटतं.

संध्याकाळच्या आत सुकलालला सोडलं.

हिलालच्या नातवाला हिवताप निघाला. गोळ्यांनी उतरला. पण हिलालने सांगून टाकलं, पुढे याचा आणि आमचा रोट एक नाही.

आणि ब्लेडवाला? तो थांबला. सुकलालला धरलं त्यानंतर आमच्या भागात कोणाला कापलं नाही. तो कोण होता, कुठे गेला, का कापत होता, आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. पोलिसांनी नंतर एक-दोघांना आणलं आणि सोडलं. पण लोक काय बोलणार? लोक म्हणाले, धरला आणि बंद झालं, आता तुम्हीच समजा. साहेबाने सोडलं तरी गल्लीने सोडलं नाही. नळावर सुकलाल आला की बाया पदर ओढून घेत. गर्दी दिसली की तो आता वाट बदलायचा. बोलणंच कमी झालं त्याचं. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. मला तर त्या शांततेत झोप लागायची नाही.

एकदा ओट्यावर बसून त्याने मला हळूच सांगितलं, आणखी एक कोणीतरी कापलं गेलं असतं तर बरं झालं असतं, वहिनी, मी सुटलो असतो. आणि मग स्वतःच्याच तोंडावर चापट मारली, जोरात. मलाही तेच वाटलं होतं.

पुढचा श्रावण आला. हिलालने बोलावलं नाही. सुकलालने स्वतःच्या खोलीत कानबाई बसवली. गहू घ्यायची वेळ आली तेव्हा पहिली मूठ स्वतःच्या नावाची घेतली, दुसरी रामकोरच्या, तिसरी शोभाच्या. एक म्हातारा सांगायला आला की बायांच्या नावाने घेत नाहीत. सुकलाल म्हणाला, आमच्या घरात माणसं तीन आहेत. म्हातारा गेला.

आमच्याकडे त्या वर्षी सुतक होतं, म्हणून मी सचिनला गेले नव्हते, माझ्या ओट्यावरच बसले होते. दिवेलागणीला सगळ्या गल्लीत एकेक दार लागत गेलं. सुकलालने दार सताड उघडलं. एवढंच नाही, पडदाही काढून टाकला. शोभाला मधोमध बसवलं, पहिलं ताट तिचं. मग शेजारच्या ओडिया कामगारांना हाका मारल्या. ते आले, लाजत बसले. मी रोट खाल्ला नाही. मला सुतक होतं, आणि नसतं तरी मी खाल्ला नसता, मी दुसऱ्या कुळाची. पण मी दारासमोरून हललेही नाही.

मग सुकलाल ताट घेऊन बाहेर आला. दोन पोळ्या, खिरीची वाटी, वर टॉवेल झाकलेला. सरळ गिरधरच्या दुकानाकडे चालत गेला. मला वाटलं, आता भांडण होतं. त्याने ताट पानांच्या शेजारी ठेवलं आणि टॉवेल काढला.

"बघ, गिरधरभाई," तो म्हणाला, "हेच होतं."

गिरधरने हात धुतले आणि उभ्याउभ्याच पोळी खाल्ली. दोघी-तिघी बाया दुधाची भांडी घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्याकडे वळून सुकलाल सांगायला लागला, वीज कशी गेली, तो भिंत चाचपत मागच्या दारापर्यंत कसा गेला, खीर कशी सांडली. आवाज चढत चढत गेला. बंद दारांआड जेवणाऱ्या सगळ्या भाऊबंदांना ऐकू जात असणार. रोटावरून उठता येत नाही, त्यामुळे त्यांना शेवटपर्यंत ऐकावंच लागलं.

नंतर आम्ही सचिनला राहायला गेलो. सुकलालला शेवटचं बघितलं ते त्यानंतरच्या एका कानबाईला, तापीच्या काठावर. चारी बाजूंनी बँड, गुलाल, एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं. त्या गर्दीत देवीचा चौरंग डोक्यावर घेतलेली शोभा दिसली. आणि तिच्यापुढे सुकलाल, उलट्या पावलांनी चालत, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी वाट मोकळी करत. दोघांचे ओठ सारखे हलत होते. काहीतरी सांगत होता तो, आणि ती डोक्यावरची देवी सांभाळत हसू दाबत होती. मी हात वर केला. त्याने मला बघितलं. मान पुढे काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि तेवढ्या बँडमध्येही मला त्याच्या ओठांवर त्याचे ते नेहमीचे पहिले शब्द दिसले.